उसन्या डोळ्यांनी दोनशे वर्षं

पावसमार्गे येणारी एस.टी. तुम्हाला पूर्णगडला उतरवते आणि पुलावरून गावखडीकडे निघून जाते. चढ चढून तुम्ही किल्ल्यात शिरता. आतून तटाला वळसा घालून समुद्राकडच्या दरवाजाशी आलात, की समोर अरबी समुद्र आणि डाव्या हाताला मुचकुंदीचं मुख.

या प्रवासाचे नियम दोनच. पहिला, तुम्हाला हव्या त्या सालात जाता येईल, पण नुसतं पाहता येईल. कुणाला हात देता येणार नाही, औषध तर नाहीच. दुसरा, जाताना डोळे मात्र आजच्या एका न्यूरॉलॉजिस्टचे उसने मिळतील. गावाला जिथे म्हातारपण दिसतं, तिथे या डोळ्यांना आणखी काय दिसतं, एवढंच पाहायला तुम्ही निघाला आहात.

पहिला मुक्काम सन १८१७. तटावर शिबंदी आहे. पुण्यात दुसरा बाजीराव आहे. नोव्हेंबरात खडकीची लढाई होईल, पुढच्या साली पेशवाई बुडेल आणि कोकणातले किल्ले कंपनीच्या हाती जातील. गडाखालच्या वाडीत मात्र आज वेगळीच काळजी आहे. पडवीत एक म्हातारा तांडेल बसला आहे. त्याचा उजवा हात मांडीवर आहे आणि अंगठा नि तर्जनी एकमेकांवर सारखी फिरताहेत, समईची वात वळावी तशी. सून तांब्या पुढे करते. तो हात पुढे नेतो, त्याबरोबर थरथर थांबते. पाणी पिऊन हात पुन्हा मांडीवर टेकला, की परत सुरू.

उसने डोळे इथे थबकतात. हात निवांत असताना येणारा आणि कामाला लागताच थांबणारा कंप हा एक आजार. पेला उचलताना वाढणारा कंप बहुधा दुसरा. दोघांचं औषध वेगळं, पुढची वाटही वेगळी. एवढा फरक कळायला तांब्याभर पाणी पुरलं.

तांडेल उठू बघतो. दोनदा मागे बसतो, तिसऱ्यांदा उभा राहतो. चालताना डावा हात झुलतो, उजवा अंगाशी धरलेला. पावलं घासत जातात. वळायला इतरांना दोन पावलं लागतात, त्याला सात-आठ लागतात. चेहऱ्यावर काही उमटत नाही, म्हणून घरची माणसं समजतात की तो रागावला आहे. "वाऱ्यानं धरलंन त्याला," शेजारीण सांगते. गुरवाकडून अंगारा आलेला आहे. वैद्यानं तेल दिलं आहे. वैद्याच्या पोथीत कंपवात आहे, तेव्हा त्याला हे अगदीच अनोळखी नाही.

नियमाप्रमाणे तुम्हाला साल बदलायची मुभा आहे, तशी जागाही. सन तेच ठेवून लंडनच्या हॉक्स्टन भागात जा. जेम्स पार्किन्सन नावाच्या वैद्यकी करणाऱ्या गृहस्थानं याच वर्षी या कंपावर ६६ पानांचा निबंध छापला आहे. त्यात माणसं अवघी सहा. त्यातली दोन त्याला रस्त्यात भेटली आणि एकाला तर त्यानं नुसतं लांबून पाहिलं. हाडामांसाच्या आत काय बिघडलं आहे, हे त्याला सांगता आलं नाही. पण वाकलेली पाठ, निवांत हाताचा कंप, आपोआप धावत सुटणारी पावलं हे सगळं एकाच आजाराचं आहे, हे त्यानं रस्त्याच्या कडेला उभं राहून ओळखलं. बुद्धी शाबूत राहते, असंही तो लिहून गेला. ते मात्र पुढे पुरतं खरं ठरलं नाही. काही वर्षांनी यातल्या पुष्कळांची स्मृतीही ढासळते. पूर्णगडच्या तांडेलाला यातलं काहीच मिळणार नाही. तरी ज्याला वारा म्हणतात त्याला आता एक आकार आला आहे.

आता १९०१. वाडी तीच. तिन्हीसांजेला माजघरात एक म्हातारी लुगडी गाठोड्यात बांधते आहे. तिला गावखडीला, माहेरी जायचं आहे. पूल नाही, तरीनं जावं लागतं. "तर सुटेल गो," ती सुनेला घाई करते. "बापूस वाट बघत असेल." बापाला जाऊन चाळीस वर्षं झाली. सून आधी समजावते, मग चिडते, मग दाराला कडी घालते. सकाळी म्हातारी बरी असते, जात्यावर बसते, ओव्याही म्हणते. संध्याकाळ झाली की पुन्हा गाठोडं. गावाकडे याला एकच उत्तर आहे: साठी बुद्धी नाठी.

रत्नागिरीत १८८६ पासून वेड्यांचं इस्पितळ आहे, पण तिथे न्यायचं म्हटलं की घराला शरम वाटते. आणि नेलं, तरी या म्हातारीसाठी तिथे तरी काय आहे? ती वेडी नाही. नवं साठवायचं मेंदूचं काम थांबलं आहे आणि जुनं तेवढं उरलं आहे, म्हणून ती उरलेल्यात राहते.

त्याच वर्षी, २६ नोव्हेंबरला, जर्मनीतल्या फ्रँकफुर्टमध्ये आलोइस अल्झायमर नावाचा डॉक्टर ५१ वर्षांच्या ऑगस्ट नावाच्या बाईसमोर बसला आहे. तिचं नाव विचारतो, नवऱ्याचं नाव विचारतो, वस्तू दाखवून त्या काय आहेत ते विचारतो, मग त्या झाकून पुन्हा विचारतो. तिची उत्तरं जशीच्या तशी उतरवून घेतो. १९०६ मध्ये ती वारल्यावर त्यानं तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली धरला. पेशींबाहेर साचलेले थर आणि पेशींच्या आतला गुंता त्याला दिसला. १९१० मध्ये आजाराला त्याचं नाव मिळालं. पण त्या मेंदूपेक्षा आजचा डॉक्टर त्या प्रश्नोत्तरांकडेच जास्त वळतो. तपासणीची सुरुवात अजून तशीच होते.

तिसऱ्या मुक्कामाला माणसं सोडा आणि कुंपणाकडे बघा. पावसाळा सरला आहे. वईवर एक वेल चढला आहे, गर्द जांभळ्या फुलांचे घोस लोंबताहेत. थंडीत त्याला वाकड्या शेंगा धरतील, त्यांवर तपकिरी, मखमली लव येईल आणि ती अंगाला लागली की पोरं खाजवून बेजार होतील. ही खाजकुयली. जवळच्या रानात, सावलीत, गुडघ्याएवढं एक झुडूप आहे: सर्पगंधा. कोकणात काही जण तिला अडकई म्हणतात. पुढच्या काही दशकांत या दोन वनस्पती, एकमेकींचा पत्ताही नसताना, त्या तांडेलाच्या आजाराचं कोडं सोडवणार आहेत.

१९३७ मध्ये मद्रासच्या प्रयोगशाळेत दामोदरन आणि रामस्वामी यांनी खाजकुयलीच्या बियांतून एक पदार्थ वेगळा काढला. आज आपण त्याला लेव्होडोपा म्हणतो. त्या वेळी तो कशाला लागेल हे कुणालाच ठाऊक नव्हतं. १९४९ मध्ये मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेनं रक्तदाब उतरतो, हे एका ब्रिटिश नियतकालिकात रुग्णांच्या आकड्यांनिशी दाखवलं आणि साऱ्या जगाचं लक्ष या मुळीकडे गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळं झालं. रक्तदाबासाठी ते घेणारे काही लोक मात्र मलूल झाले, काहींची चाल जड झाली, अंग ताठलं.

इथून स्वीडनमध्ये जा, १९५७ सालात. आर्विड कार्लसन यांच्यासमोर ससे आहेत. रेसर्पिन दिल्यामुळे ते निपचित पडले आहेत, कान खाली, पाय ताठ. कार्लसन त्यांना डोपा टोचतात. थोड्या वेळानं ससे कान उभे करून हिंडायला लागतात. सर्पगंधेनं मेंदूतलं डोपामिन हे रसायन पळवलं होतं. खाजकुयलीच्या बीत जो पदार्थ आहे, त्यानं ते परत आणलं. तीन वर्षांनी व्हिएन्नामध्ये हॉर्निकेविच यांनी पार्किन्सनच्या मृत रुग्णांच्या मेंदूत डोपामिनचा तुटवडा दाखवला आणि १९६७ मध्ये अमेरिकेत कोत्झियास यांनी भरपूर मात्रेत डोपा तोंडानं देऊन खिळलेली माणसं चालवून दाखवली. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं.

आता कोकणातल्या चाकरमान्याच्या वाटेनं मुंबईला चला. सत्तरीचं दशक आहे, रेल्वे यायला अजून वीस-पंचवीस वर्षं आहेत. रत्नागिरीच्या बंदरातून बोट, भाऊच्या धक्क्यावर उतरायचं, आणि नातेवाइकाच्या दहा बाय बाराच्या खोलीत पथारी टाकायची. सकाळी जे.जे. रुग्णालय. तिथे डॉ. नोशिर वाडिया रुग्णाला बसवतात आणि सांगतात, डोकं न हलवता इकडे बघा, आता तिकडे बघा. निरोगी माणसाचे डोळे टपकन उडी मारतात. या रुग्णाचे डोळे संथ सरकतात. चालीचा तोल गेलेल्या, पिढ्यान्‌पिढ्या हा आजार चालत आलेल्या नऊ घराण्यांत त्यांना हीच संथ नजर दिसली होती. १९७१ मध्ये त्यांनी स्वामी यांच्याबरोबर ती जगापुढे मांडली. पुढे जनुकांची तपासणी आली आणि या आजाराला वेगळा क्रमांक मिळाला. पण वाडियांनी तो ओळखला होता तो समोर धरलेल्या बोटाच्या आधारानं.

१९७८ मध्ये डॉ. अशोक वैद्य यांच्या गटानं, वाडियांना बरोबर घेऊन, खाजकुयलीच्या बियांचं चूर्ण पार्किन्सनच्या रुग्णांना देऊन पाहिलं. उपयोग झाला. कुंपणावरचा वेल इस्पितळात पोचला. म्हणून कुणी उद्या शेंगा तोडून बिया वाटायला घेऊ नयेत. बीत औषध किती हे वेलागणिक बदलतं, आणि डॉक्टरांची गोळी चालू असताना वरून हे घेतलं, तर दुप्पट मात्रा पोटात जाते. रक्तदाब एकाएकी उतरतो, अंग नको तसं वळायला लागतं, माणसाला नसलेलं दिसू लागतं.

आणि हा आजचा दिवस. पूर्णगडहून सकाळच्या गाडीनं निघालेलं एक जोडपं रत्नागिरीतल्या न्यूरॉलॉजिस्टच्या दारात उभं आहे. आजोबा ७६ वर्षांचे, आजी ७२. बरोबर सून. मुलगा मुंबईला असतो.

डॉक्टरबाई खुर्चीतून उठतात आणि आजोबांना दारापर्यंत जाऊन परत यायला सांगतात. तांडेलाला पाहताना तुम्ही जे पाहिलंत, तेच त्या पाहतात: न झुलणारा हात, घसटणारं पाऊल, वळायला लागलेली पावलं. मग अंगठा आणि तर्जनी भराभर एकमेकांवर टेकवायला लावतात. पहिल्या चार-पाच वेळा बोटं नीट उघडतात, मग अंतर कमी होत जातं आणि शेवटी बोटं अडतात. मनगट सैल सोडायला सांगून त्या ते फिरवतात. ते टप्प्याटप्प्यानं अडकत फिरतं. मग मागे उभ्या राहून, हात तयार ठेवून, खांद्याला अचानक मागे ओढतात. आजोबा तीन पावलं मागे येतात आणि सावरतात.

"औषधांची पिशवी आणलीत ना?" सून पिशवी टेबलावर पालथी करते. यावर बाई बराच वेळ घालवतात. पित्तासाठी वर्षभर चाललेली एक गोळी त्या बाजूला काढतात. तिच्यात लेव्होसल्पिराइड आहे. चक्कर येते म्हणून दिलेली सिनारिझिन, उलटीवरची मेटोक्लोप्रमाइड, झोपेसाठी दिलेली काही मानसोपचाराची औषधं, यांतलं कुठलंही डोपामिनची वाट अडवू शकतं आणि हुबेहूब पार्किन्सन उभा करू शकतं. औषध थांबवल्यावर अनेकांचा कंप काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरतो, काहींचा ओसरत नाही, कारण आजार मुळात दडून बसलेला असतो. त्यामुळे आजोबांना आज नवी गोळी नाही. आधी एक जुनी कमी करायची, ज्यांनी ती दिली त्यांना विचारून, आणि दीड-दोन महिन्यांनी पुन्हा चालून दाखवायचं.

समजा, तेव्हाही कंप तसाच राहिला, तर लेव्होडोपा. सोबत कार्बिडोपा असते, म्हणजे औषध वाटेतच खर्ची न पडता मेंदूपर्यंत पोचतं आणि मळमळ कमी होते. गोळी जेवणाआधी अर्धा तास, कारण डाळ, अंडं, मासळी यांतली प्रथिनं आतड्यात तिच्याशी चढाओढ करतात. बांगड्याचं तिखलं सोडायचं नाही, फक्त गोळीला पुढे जाऊ द्यायचं. वेळ चुकवायची नाही. आणि बरं वाटलं म्हणून, किंवा गोळ्या संपल्या आणि गाडी चुकली म्हणून, एकदम थांबवायची तर मुळीच नाही. तसं केलं तर अंग भयंकर ताठतं आणि जिवावर बेतू शकतं.

"घरात कुठे अडखळता?" बाई विचारतात. "उंबरठ्याशी," आजोबा म्हणतात. "पाय जमिनीला चिकटतो." बाई सुनेला सांगतात, उंबरठ्याच्या अलीकडे पावला-पावलाच्या अंतरानं रांगोळीच्या आडव्या रेघा मारून बघा. आपसूक पडणारं पाऊल ज्या वाटेनं येतं ती वाट या आजारात बिघडते. समोर रेघ असली आणि ती ओलांडायची असं मनाशी म्हटलं, तर मेंदू दुसरी वाट धरतो. तालावरही पाऊल उचलतं. पुण्यातलं पार्किन्सन्स मित्रमंडळ रुग्णांना एकत्र आणून व्यायाम, गप्पा, गाणी करतं, त्यामागे हेही शास्त्र आहे.

आता आजी. बाई आवाज जरा खाली आणून नाव विचारतात. आजी उत्तर देत नाहीत. मोठ्यानं विचारल्यावर लगेच देतात. म्हणजे आधी कान तपासायचे. ऐकूच आलं नाही तर लक्षात काय राहणार? मग तीन शब्द: आंबा, होडी, कंदील. आजींना लिहिता येत नाही, म्हणून घड्याळ काढायला न लावता बाई विचारतात, "उकडीचे मोदक कसे करता?" आजींचा चेहरा उजळतो. पाणी उकळलं की मीठ, मग पिठी, मग झाकण... आणि इथे त्या थांबतात. सारण की उकड, आधी काय, हे जुळत नाही. त्या पुन्हा पाण्यापासून सुरू करतात. पाच मिनिटांनी तीन शब्द विचारले, तर तिन्ही गेलेले. आठवण करून दिली, तरी आठवत नाहीत.

सुनेशी बाई बाहेर वेगळ्या बोलतात. पैसे मोजतात का? गॅस बंद करायला विसरतात का? विहिरीवरून घरी यायची वाट चुकते का? हे कधीपासून, हळूहळू की एकदम? सहा महिन्यांपूर्वी आजी अंगणात शेवाळावर घसरून पडल्या होत्या, हे तेव्हा कळतं. म्हणजे स्कॅन हवाच. कवटीखाली हळूहळू साचलेलं रक्त माणसाला असंच विसराळू करतं, आणि ते काढलं तर माणूस सुधारतो. रक्तात बी-१२ आणि थायरॉइड. मनाची उदासी. आणि स्मृती, चाल, लघवी या तिन्ही गोष्टी एकदम बिघडल्या असतील, तर मेंदूतल्या पोकळ्यांत पाणी साचलं आहे का, हेही पाहायचं. तेही शस्त्रक्रियेनं उतरवता येतं. हे सगळं वगळून झाल्यावरच डिमेन्शिया म्हणायचं. भारतात साठीपुढच्या शंभरांतल्या सुमारे ७.४ जणांना तो आहे असा अंदाज आहे, म्हणजे जवळपास ८८ लाख माणसं. डोनेपेझिलसारख्या गोळ्या काही काळ थोडा आधार देतात, आजार थांबवत नाहीत. बाई हे स्पष्ट सांगतात.

मग पुढच्या कामाकडे वळतात. आजी माहेरी जायचं म्हणाल्या तर बाप वारला हे रोज नव्यानं सांगू नका. त्यांना ते दुःख दरवेळी पहिल्यांदाच होतं. माहेराबद्दल विचारा, बोलू द्या, मग दिवाबत्तीला हाताशी घ्या. विहिरीवर जाळी बसवा. पदराच्या गाठीत फोन नंबरची चिठ्ठी ठेवा. आणि तुमची झोप होते का, हेही बाई सुनेला विचारतात. सून पहिल्यांदाच खाली बघते. महिन्यातून चार दिवस मुलानं येऊन राहायचं, हे त्या चिठ्ठीवर औषधांच्या खाली लिहून देतात. अडलं तर वृद्धांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइनही त्याच कागदावर.

शेवटी गोळ्यांचा प्रश्न येतो. आजोबांना वेळ बरोबर आठवते, पण पाकिटातून गोळी काढता येत नाही. आजींची बोटं अजून चपळ आहेत, पण वेळेचं भान नाही. बाई दोघांकडे बघतात आणि ठरवतात: आजोबा हाक मारतील, आजी पाकीट फोडतील, सून रात्री मोजून बघेल. आजी मान डोलावतात. बहुधा पाच मिनिटांत विसरतील. आजोबा विसरणार नाहीत.

एक उडी बाकी आहे. याच घरात दहा वर्षं मागे जा. आजोबा ६६ वर्षांचे, धडधाकट, कलमांच्या पेट्यांचा हिशेब वहीत लिहिताहेत. उसने डोळे वहीवर लावा. पानाच्या वर अक्षर ठळक आहे, खाली येईपर्यंत बारीक झालं आहे. आजी स्वयंपाकघरातून विचारतात, "सुकट जळतेय, वास येत नाही का?" त्यांना येत नाही. मध्यरात्री ते झोपेत ओरडतात, हात उगारतात, सकाळी काही आठवत नाही. पोट साफ होत नाही म्हणून चूर्ण चालू आहे. यातलं एकटंदुकटं कुणालाही होतं. सगळं एका माणसात जमलं, तर डॉक्टर त्याची चाल बघतात. तेव्हा कळलं असतं, तर आजार टळला नसता, कारण आजही तो थांबवणारं औषध हाती नाही. पण रोजचा व्यायाम दहा वर्षं आधी सुरू झाला असता, आणि पित्ताची ती गोळी कधीच सुरू झाली नसती. आजींचंही तसंच. ऐकणं, रक्तदाब, मधुमेह, एकटेपण अशी १४ कारणं आवरली, तर जगातल्या निम्म्याच्या जवळपास डिमेन्शिया टळू किंवा लांबू शकतो, असं २०२४ मध्ये लॅन्सेटच्या तज्ज्ञगटानं मांडलं आहे. आजींना कमी ऐकू यायला लागलं होतं ते तेव्हाच.

इथे तुम्हाला काहीच बदलता येत नाही, नियम तसा आहे. पण तुमच्या वाडीत, तुमच्या घरात, कुणाचं तरी हे दहा वर्षांपूर्वीचं साल आत्ता चालू आहे. तिथे हा नियम लागू नाही. त्या माणसाला चालून दाखवायला सांगा, कान तपासून घ्या, औषधांची पिशवी टेबलावर पालथी करा, आणि वय झालं म्हणायच्या आधी मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घ्या.